नानांनी ‘नाना’ खोडला

सुभेदार नाना, रामराम!

निवृत्तीच्या वेळी प्रकृती तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदावर ‘नाना’ (NANA, म्हणजे Neither Attributable Nor Aggravated) हा शेरा दिसला की आपल्या खान्देशातला निवृत्त जवान फाईल बांधून ट्रंकेत टाकायचा. आजार नोकरीमुळे झाला नाही, नोकरीने वाढलाही नाही, सबब अपंगत्व पेन्शन नाही, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत. त्या नानाची गाठ तुमच्याशी, म्हणजे अशा नकारांवर अपील लिहून देणाऱ्या नानांशी पडली, हे बरं झालं.

तुम्ही आधी पाकीट मागता. नकाराच्या पत्राचं पाकीट जपतं कोण? पण त्यावरचा टपालाचा शिक्काच सांगतो, अपिलाच्या सहा महिन्यांतले किती उरले ते. मग दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात अर्ज, सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी आणि बोर्डाची पूर्ण प्रत मागवायला.

अपिलात दुखण्याचं रडगाणं गायलं की ते फसतंच. बोर्डाने कारण काय दिलं, तेवढंच धरायचं. बहुधा एकच ओळ असते: ‘आजार पीस स्टेशनला (शांत भागातल्या ठाण्यावर) सुरू झाला.’ तुम्ही वहीत उभी रेघ मारता. डावीकडे पोस्टिंगच्या तारखा, उजवीकडे मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीची श्रेणी, घसरल्याच्या. फिल्डवरून, म्हणजे खडतर भागातल्या नेमणुकीवरून, उतरल्यावर आठच महिन्यांत रक्तदाब निघाला, तर ‘पीस’ शब्दात दम उरत नाही. जोडीला धरमवीर सिंग प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर गडी धडधाकट होता असंच धरायचं, उलट सिद्ध करायचं ओझं सरकारवर.

अपंगत्व २० टक्क्यांखाली लावलं असेल, तर टक्केवारीलाही आव्हान द्यावं लागतं. नुसता शेरा खोडून भागत नाही. वीस मात्र पदरात पडले, की २०१४ च्या राम अवतार निकालाने ते ५० धरले जातात, म्हणजे अपंगत्वापोटी शेवटच्या पगाराच्या १५ टक्के. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त झालेल्यांना नियमच नवे, म्हणून त्यांच्या फायली तुम्ही लाल दोऱ्याने वेगळ्या बांधता.

पहिलं अपील, दुसरं अपील, मग मुंबईचं सशस्त्र सेना न्यायाधिकरण. प्रत्येक पायरीला स्पीड पोस्टची पावती फाईलला टाचलेली.

फी विचारली तर झेरॉक्सचे पैसे सांगता. रविवारी कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन येतोय. त्यावर तरी नकाराचा शेरा मारू नका.

आपले,
तालुक्यातले माजी सैनिक