दर्या आणि दऱ्या

फॉन्टमधली लागतील तेवढीच अक्षरचित्रं ठेवून फाइल हलकी करणारी एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी (म्हणजे इतर प्रोग्रामरांना फुकट वापरता येणारा तयार कोड) मी नोकरी सांभाळून चालवतो. गेल्या आवृत्तीत वेग वाढवायच्या नादात मी फॉन्टचा ‘जीसब’ तक्ता, म्हणजे कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं जोडाक्षर किंवा अर्धं रूप दाखवायचं ते सांगणारी यादी, अर्धवटच चाळला. ‘दुसऱ्या’तल्या अर्ध्या ‘ऱ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक नसतो, तो याच तक्त्यातून शोधावा लागतो. तो गळला आणि लोकांच्या पानांवर ‘ऱ’ पाय मोडून उभा राहिला. चूक सर्वस्वी माझी.

तक्रारी बऱ्याच आल्या. उपयोगी पडलं ते एका निवृत्त मुद्रितशोधक काकांचं पत्र. वहीच्या रेघी पानावर निळ्या शाईत शब्दांच्या जोड्या, त्याचा फोटो: दर्या–दऱ्या, आचार्यांना–आचाऱ्यांना. समासात बारीक अक्षरात, “कुऱ्हाड, तऱ्हा विसरू नका.” मी खरंच विसरलो असतो!

मराठीचा गंध नसलेल्या एका परदेशी प्रोग्रामरताईंनी रात्रभर बसून ते सगळे शब्द चाचण्यांत घातले. मध्येच विचारलं, आचारी म्हणजे कोण?

दोघांचेही मनापासून आभार. काकांच्या पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती: “आधी जेवून घ्या, मग दुरुस्त करा.” जेवलो, काका.