मुळा-प्रवरेचा हिशोब पूर्ण मांडला जावा

प्रति,
मा. संपादक,
सांगली आवृत्ती

महोदय,

कृषिपंपांची थकबाकी आणि गावोगावी उभे राहणारे सौर प्रकल्प यांविषयी आपल्या पत्रात सातत्याने मजकूर येत असतो. त्या निमित्ताने आमच्या भागात एक जुना प्रश्न पुन्हा निघू लागला आहे. उपकेंद्रापासून पुढची वीज गावांनी सहकारी संस्था काढून स्वतः वाटावी काय, हा तो प्रश्न. तो निघाला की बैठकीतले कोणीतरी जाणते गृहस्थ ‘मुळा-प्रवरेचे काय झाले ते पाहिले ना?’ एवढेच म्हणतात, म्हणजे वीज वाटण्याचा परवाना गमावलेल्या श्रीरामपूरच्या सहकारी संस्थेचा दाखला देतात, आणि विषय तिथेच मिटतो. मी पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे सचिवपद सव्वीस वर्षे सांभाळले. दरमहा विजेचे बिल हाती आल्यावर ते कसे भागवायचे या चिंतेत माझी निम्मी नोकरी गेली, त्यामुळे या विषयावर लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी मानतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, मुळा-प्रवरेचे नेमके काय झाले हे आपण नीट तपासलेले नाही, आणि न तपासलेल्या उदाहरणावरून खेड्यांच्या क्षमतेविषयी निवाडा देऊन टाकणे अन्यायाचे आहे.

आधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. बी. वेंकटप्पय्या यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा आढावा समितीच्या शिफारशीवरून 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि त्याच सुमारास अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघाच्या तज्ज्ञांचे साह्य घेऊन देशात पाच ठिकाणी वीज वितरणाच्या सहकारी संस्था काढण्यात आल्या. आपल्या राज्यात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ अशा त्या पाच संस्था होत. अमेरिकेचाच नमुना का घेतला, याला कारण होते. तिथे 1935 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन सुरू झाले तेव्हा दहा शेतकऱ्यांमागे जेमतेम एकाकडे वीज होती, कारण विरळ वस्तीत तारा ओढणे खासगी कंपन्यांना परवडत नव्हते. सरकारने कमी व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज दिले, शेतकऱ्यांनी संस्था काढल्या, आणि वीस वर्षांच्या आत बहुतेक सर्व शेतांवर वीज पोहोचली. त्यांपैकी शेकडो संस्था आजही चालू आहेत.

मुळा-प्रवरेची निवड झाली तीही विचारपूर्वकच. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. सभासद, भागभांडवल, वार्षिक सभा हे शब्द तिथल्या शेतकऱ्याला नवे नव्हते. संस्थेकडे पाच तालुक्यांतील 183 गावे आली. जानेवारी 2011 च्या अखेरीस तिच्या परवान्याची मुदत संपली, नवा परवाना तिला मिळाला नाही, फेब्रुवारीपासून त्या गावांचा पुरवठा महावितरणकडे गेला, आणि तेव्हा संस्थेवर दाखवली जाणारी देणी दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेलेली होती. संस्थेचे खांब, तारा आणि रोहित्रे वापरण्याचा मोबदला किती, हा वाद पुढे न्यायाधिकरणात आणि न्यायालयात गेला. लोकांच्या स्मरणात राहिली ती दोन हजार कोटींची रक्कम. ती कशी साचत गेली, हे मात्र कोणी सांगत नाही.

कोणत्याही वीज वितरण संस्थेचे पोट एका साध्या हिशोबावर चालते. समजा, संस्थेने राज्य वीज मंडळाकडून शंभर युनिट विकत घेतले. तारा-रोहित्रांतून पोहोचेपर्यंत त्यातले वीस-पंचवीस गेले. उरलेल्यांपैकी बहुतेक कृषिपंपांना गेले, आणि तो दर सरकार ठरवील तेवढाच, म्हणजे खरेदीच्या दरापेक्षाही कमी. अशा स्थितीत वसुली शंभर टक्के झाली, तरी संस्था दरमहा तोट्यातच जाणार. राज्य वीज मंडळाची स्थितीही शेतीपुरती अशीच होती, पण मंडळाकडे ठाणे-बेलापूर आणि पिंपरी-चिंचवडचे कारखाने होते. त्यांच्याकडून जादा दर घेऊन शेतीची तूट भरून काढता येत होती. मुळा-प्रवरेच्या 183 गावांत ऊस होता, पंप होते, घरगुती दिवे होते. असा भरणा करणारा उद्योगपट्टा नव्हता. घाऊक खरेदीचा दर एका हाताने वाढत गेला आणि विक्रीचा दर दुसऱ्या हाताने दाबून धरला गेला, यात सापडलेली संस्था कितीही चोख असती, तरी तिला अनुदानाच्या आधाराशिवाय तरता आले नसते.

संस्था चोख होती, असा माझा दावा नाही. थकबाकीदाराचे कनेक्शन तोडायचे धाडस निवडून येऊ इच्छिणाऱ्या संचालकाला होत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. विनामीटर पंपाला अश्वशक्तीवर बिल लावले की गळती किती, चोरी किती आणि खरा शेतीवापर किती, हे तिन्ही एकाच गाठोड्यात बांधले जाते. मग आकडा टाकणारा आणि प्रामाणिकपणे भरणारा यांत फरक करताच येत नाही. हे दोष संस्थेचे होते आणि ते मान्य केलेच पाहिजेत. परंतु दोन हजार कोटींत मुद्दल किती, व्याज व दंड किती, घाऊक दराच्या वादातील रक्कम किती आणि निव्वळ संस्थेच्या गाफीलपणामुळे बुडालेली रक्कम किती, ही फोड सामान्य वाचकापुढे कधीच ठेवली गेली नाही.

हुक्केरी आमच्यापासून दूर नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे सासर त्या तालुक्यातील एका खेड्यात आहे. 1969 मध्येच जन्मलेली तिथली वीज संस्था आजही वीज वाटते. ती वीज घाऊक विकत घेते, तिचे दर कर्नाटकाचा वीज नियामक आयोग स्वतंत्र आदेशाने ठरवतो, आणि दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना जी वीज फुकट द्यायची तिची भरपाई राज्य सरकारने संस्थेला द्यायची, अशी व्यवस्था आहे. तिथेही संचालक मंडळाच्या निवडणुकीत तालुक्याचे सगळे राजकारण उतरते आणि ते नेहमी शोभादायक असतेच असे नाही. तरीही बहिणीच्या घरचा फेज गेला, तर तिच्या मुलाला कोणाकडे जायचे ते ठाऊक असते. आठवडी बाजारात तो संचालकाला गाठतो आणि चार माणसांत विचारतो. सिरसिल्ल्याची संस्थाही चालू आहे. आपल्या विट्यासारखेच ते यंत्रमागांचे गाव आहे. सारखाच नमुना, सारखेच वर्ष, आणि तरीही एक संस्था संपते व दोन टिकतात, तेव्हा कारण सहकारात शोधण्यापेक्षा दर आणि अनुदान यांच्या व्यवस्थेत शोधणे अधिक योग्य ठरेल.

आता आमच्या संस्थेविषयी लिहितो. ती वीज वाटणारी नव्हे, वीज विकत घेऊन पाणी वाटणारी आहे, पण बुडण्याची आणि सावरण्याची रीत मात्र तीच. आमच्या वडिलांच्या पिढीने जमिनी तारण ठेवून जॅकवेल बांधली, पाइपलाइन टाकली. पुढे पाणीपट्टी थकली तरी पाळी चुकत नसे, कारण पाटकऱ्याला ज्याच्या रानात पाणी सोडायचे, तो त्याचाच चुलता किंवा मेहुणा असे. त्यामुळे संस्थेचे विजेचे बिल थकले आणि ऐन एप्रिलमध्ये पंपहाऊसचा पुरवठा खंडित झाला. उसाचे शेंडे वाळू लागले, तेव्हा ज्यांनी पाणीपट्टी वेळेवर भरली होती, त्यांचाही ऊस तितकाच वाळला. त्यांपैकी एका वयस्क सभासदाने आपल्या पावत्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि एक शब्दही न बोलता ते निघून गेले. तो दिवस मी विसरू शकलेलो नाही.

त्यानंतर ऑगस्ट 2019 चा महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फुटांची, ती ओलांडून कृष्णा 57 फुटांवर गेली. आमचे पंपहाऊस छतासकट पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर चेनपुलीने मोटारी वर काढल्या, तेव्हा त्यांच्या वायंडिंगमधून गाळ निथळत होता, स्टार्टरच्या पेटीत शेवाळ बसले होते, आणि पॅनेलमागच्या भिंतीवर पुराची रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर होती. मोटारी रिवाइंड करायला पैसे नव्हते. संस्था गुंडाळावी, असे बोलणारे निम्म्याहून अधिक होते.

मारुतीच्या देवळात सभा झाली. त्या सभेत प्रथमच प्रत्येक सभासदाची थकबाकी नावासह मोठ्याने वाचली गेली, त्यात अध्यक्षांचे नाव होते आणि माझ्या भावाचेही होते. पाणीपट्टी ऊसबिलातून परस्पर कापून घेण्याची संमतीपत्रे तिथेच भरली गेली. काही जण रागावून उठून गेले. दोन हंगामांनी त्यांतले बहुतेक परत आले. पंपहाऊसमध्ये वही ठेवली, तिच्यात पाळीगणिक मीटरचे रीडिंग आणि भिजलेले क्षेत्र लिहायचे, आणि ती वही कोणाही सभासदाने केव्हाही पाहायची, असे ठरले. जुनी बिले काढून बसलो, तेव्हा पॉवर फॅक्टरच्या, म्हणजे घेतलेल्या विजेचा पुरता उपयोग न झाल्याबद्दलच्या, दंडाचा एक रकाना महिनोन्‌महिने आमच्या नजरेतून सुटला होता, असे दिसले. कपॅसिटर फुगून निकामी झाला होता आणि त्यापायी आम्ही दरमहा फुकट दंड भरत होतो. नवा कपॅसिटर त्या एकाच उन्हाळ्यात वसूल झाला. आज चालू बिल थकलेले नाही, जुनी बाकी हप्त्यांनी फिटली, आणि पंपहाऊसचे पॅनेल पूररेषेच्या वर नव्या माळ्यावर बसवले आहे. यात सरकारने काही विशेष केले नाही आणि आम्हीही काही असाधारण केले नाही. हिशोब सर्वांसमोर आला आणि वसुलीला उसाच्या बिलाचा आधार मिळाला.

हे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, आता सौर कृषी वाहिनीच्या, म्हणजे कृषिपंपांना सौर प्रकल्पांतून वीज देण्याच्या राज्याच्या योजनेच्या, निमित्ताने वीज गावाच्या हद्दीतच तयार होऊ लागली आहे. प्रकल्पासाठी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ मिळते, पण त्या विजेच्या कारभारात गावाला कोणतेही स्थान नाही. 2003 च्या वीज कायद्याच्या पाचव्या कलमात, ग्रामीण भागासाठी घाऊक वीजखरेदी आणि स्थानिक वितरणाची व्यवस्था पंचायत संस्था, वापरकर्त्यांच्या संघटना आणि सहकारी संस्था यांच्यामार्फत करण्याच्या राष्ट्रीय धोरणाची तरतूद आहे. गावाचा आणि वसुलीचा संबंध जोडला की काय घडू शकते, हे राज्यालाही अमान्य नाही, कारण 2020 च्या कृषिपंप वीज धोरणात वसूल झालेल्या थकबाकीपैकी 33 टक्के रक्कम त्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि 33 टक्के त्याच जिल्ह्यात वीज यंत्रणेवर खर्च करण्याचे ठरले होते. मग एखाद्या तालुक्यात, एखाद्या उपकेंद्राखालच्या दहा-बारा गावांपुरता, सहकारी वितरणाचा प्रयोग का करू नये?

मात्र तो करायचा तर चार गोष्टी आधी लेखी ठराव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्याने वीज मोफत केली आहे, तिची भरपाई तिमाही संपताच संस्थेच्या खात्यात रोख जमा व्हावी, कागदोपत्री वळती होऊ नये. प्रत्येक रोहित्रावर मीटर असावा आणि त्याचे रीडिंग चावडीवर लागावे. घाऊक दर किमान पाच वर्षांसाठी आपल्या राज्याच्या वीज नियामक आयोगाने बांधून द्यावा. आणि तोडणीचा निर्णय संचालकांच्या हाती न ठेवता नियमाने आपोआप लागू व्हावा, म्हणजे मेहुण्याचे कनेक्शन तोडण्याचा प्रसंग कोणावर येणार नाही.

या सर्वांआधी शासनाने मुळा-प्रवरेच्या चाळीस वर्षांचा वर्षवार हिशोब प्रसिद्ध करावा. घाऊक दर, विक्रीचा दर, गळती, अनुदान, वसुली आणि व्याज असे सहा रकाने पुरेसे आहेत. आपल्या पत्राने हा विषय लावून धरल्यास कृष्णाकाठच्या अनेक पाणीपुरवठा संस्था आपल्यासोबत राहतील. आमच्या संस्थेची 2019 पासूनची पंपहाऊसची वही आणि वीजबिलांची फाइल कार्यालयात आहे. आपल्या वार्ताहराने कोणत्याही दिवशी येऊन ती पाहावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा माजी सचिव,
ता. पलूस, जि. सांगली