विषय : रक्तदाबमापकाच्या पट्ट्याचे माप खोक्यावर न छापल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा दंडावर पट्टा बांधून वापरायचा डिजिटल रक्तदाबमापक मी माझ्या आईसाठी पुण्यातील एका औषध दुकानातून विकत घेतला. बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. यंत्र बंद पडले अशी माझी तक्रार नाही. ते सुरळीत चालते आणि रोज न चुकता चुकीचा आकडा दाखवते, ही तक्रार आहे.

घरी आईचा वरचा रक्तदाब १६० ते १७० आणि खालचा ९५ च्या पुढे येत असे, तर दवाखान्यात वरचा १३०-१३५ च्या आसपासच भरत असे. सहसा याच्या उलट घडते, डॉक्टरांसमोर धास्तीने आकडा चढतो आणि घरी उतरतो. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंड छातीच्या पातळीला ठेवून आणि चहानंतर अर्धा तास जाऊ देऊन आम्ही मोजत होतो. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर रक्तदाब वाढलेला धरतात. त्यामुळे दवाखान्यात न दिसणारा उच्च रक्तदाब असावा, अशी रास्त शंका डॉक्टरांना आली आणि गोळी वाढवण्याआधी त्यांनी २४ तासांची नोंद करून घेतली. तिची सरासरी १२६/७६ निघाली.

उलगडा झाला तो शिंप्याच्या टेपने. आईच्या दंडाचा घेर ३६ सेंटिमीटर भरला, आणि आपल्या पट्ट्याच्या आतल्या बाजूस, वेल्क्रोच्या घडीखाली, बारीक करड्या अक्षरांत ‘२२ ते ३२ सें.मी.’ असे छापलेले सापडले. दवाखान्यात आईसाठी मोठा पट्टा वापरतात. पट्टा लहान असला की त्यातील हवेच्या पिशवीला धमनी दाबायला जास्त दाब लागतो आणि आकडा फुगतो, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगण्याची गरज नसावी. तरीही खोक्यावर ‘सर्व प्रौढांसाठी’ असे ठळक छापले आहे आणि मराठी माहितीपत्रकात दंडाच्या घेराचा उल्लेखही नाही.

आपल्या सेवा केंद्राने यंत्र ‘तपासून’ निर्दोष ठरवले. तंत्रज्ञाने ते स्वतःच्या दंडावर लावून पाहिले होते. त्यांचा दंड सडपातळ असल्याने आकडा बरोबर आला, यात नवल ते काय? मोठा पट्टा मागितला असता, तो स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागेल, असे उत्तर मिळाले.

तरी या यंत्राला चालणारा मोठा पट्टा विनामूल्य द्यावा किंवा यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. २४ तासांच्या नोंदीचा खर्च, ज्याची पावती सोबत आहे, भरून द्यावा. आणि पट्ट्याचे माप खोक्याच्या दर्शनी भागावर व मराठी माहितीपत्रकात छापण्याबाबत काय करणार, हे लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

कळावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, २४ तासांच्या नोंदीचा अहवाल व पावती, पट्ट्यावरील छपाईचे छायाचित्र