सारथ्याला पाणी कोणी दिलं?

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. किल्लारीच्या भूकंपाच्या रात्रीतून उरलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत, तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळावं.

लातूरला तुमच्या घरी शनिवारच्या महाभारत-वाचनाला यायला लागलो, तेव्हा मी किल्लारीचा, एवढंच तुम्हाला माहीत होतं. सौप्तिकपर्व निघालं. "सौप्तिक म्हणजे झोपलेल्यांचं," तुम्ही सांगितलंत. वडावर झोपलेल्या कावळ्यांना मारणारं घुबड अश्वत्थामा बघतो आणि रात्रीच पांडवांच्या शिबिरात शिरून झोपलेल्यांना मारतो; द्रौपदीची मुलं आणि तिचा भाऊ धृष्टद्युम्न त्यांतच. मी उठून बाहेर आलो. तुम्ही मागोमाग आलात, काही न विचारता ओट्यावर शेजारी बसलात. मग मीच बोललो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव उशिरा झोपलेलं. मी दहा वर्षांचा. अंगणातल्या बाजेवरून बहिणीशी भांडलो, ती रुसून आत निजायला गेली. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद.

तुम्ही म्हणालात, "स्वतःचं आत्ता लिहू नकोस. धृष्टद्युम्नाच्या सारथ्याचं लिही."

शिबिरातून पळणाऱ्यांना अश्वत्थाम्याचे साथीदार कृप आणि कृतवर्मा दाराशी कापत होते. कृतवर्म्याचं लक्ष चुकलं आणि हा सारथी निसटला. सकाळी युधिष्ठिराला वार्ता देतो तो हाच. आपण एकटेच उरलो, असं सांगतो. महाभारत त्याचं नाव सांगत नाही. पुढे त्याचं काय झालं, तेही नाही.

माझ्या पहिल्या कथेत सारथी सगळ्यांना वेळेवर जागं करायचा. वाचून तुम्ही विचारलंत, "मग द्रौपदी रडते कोणासाठी?" दुसऱ्या वेळी मी त्याला पळपुटा केलं, पानोपानी झोडपलं. त्या वहीच्या समासात तुम्ही पेन्सिलीने एवढंच लिहिलंत: 'वार्ता सांगून झाल्यावर याला पाणी कोणी दिलं?'

बाई, त्या ओळीपाशी मी सहा महिने अडलो होतो. मग एका रात्री लिहिता लिहिता एक बाई आठवली. कुठल्या गावची, कोण, माहीत नाही. त्या सकाळी तिने मला जवळ घेऊन तांब्या तोंडाला लावला होता, माझ्या दातांतली माती पदराने पुसली होती. इतक्या वर्षांत तो तांब्या एकदाही आठवला नव्हता; आठवायची ती फक्त बाज.

सारथ्याला पाणी देणारी दासी मी त्याच रात्री लिहिली. कृतवर्म्याचं लक्ष चुकलं यात सारथ्याचा काय गुन्हा, हे तिच्या तोंडून सहज निघून गेलं. स्वतःबद्दल ते मला कुणापुढेच म्हणता आलं नव्हतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप दिली होती, त्यांचे उपकार आहेतच आणि उपचार अजूनही चालू आहेत. पण बहिणीचं नाव मोठ्याने घेता यायला लागलं ते या कथेनंतर. आता घराच्या आत, छताखाली, दार लावून झोपतो.

कथा सोबत जोडली आहे. दासीचं नाव कुठून आलं ते तुम्ही ओळखाल.

येत्या ३० सप्टेंबरला जुन्या गावाच्या जागेवर जाऊन ती वाचणार आहे. सकाळी सातला गाडी घेऊन तुमच्या दारात येतो. याल ना?

तुमचा,
शनिवारचा विद्यार्थी