कीटोचं अर्धंच छापलंत

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही कॅन्सर आणि साखरेवर जो लेख छापलात त्यात अमेरिकेतले शास्त्रज्ञ लुईस कँटली यांचं नाव घेऊन पेशंटना सरळ कीटो डाएट, म्हणजे भात-पोळी-साखर (कार्ब) जवळजवळ बंद आणि तूप-तेल भरपूर असा आहार, सुरू करायला सांगितलंय. कँटली स्वतः साखर टाळतात हे खरंय, मुलाखतीत तसं बोललेत ते, पण त्यांच्याच टीमच्या 2018 च्या कामाचा अर्धा भाग लेखातून गळलाय, आणि पेशंटच्या दृष्टीने नेमका तोच महत्त्वाचा आहे.

या माणसाने केलं काय ते आधी सांगते. 1980 च्या दशकात बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ते आणि त्यांचे सहकारी ट्यूमर करणारा एक व्हायरस पेशीत शिरून नक्की काय करतो ते शोधत होते, तेव्हा त्यांना एक एन्झाइम सापडलं, पीआय-3 कायनेज. पेशीच्या पडद्यातल्या एका फॅटच्या रेणूला हे एन्झाइम फॉस्फेट जोडतं, तेही अशा जागी, तिसऱ्या कार्बनवर, जिथे ते लागत असेल असं तोवर कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मग 1990 मध्ये दिसलं की इन्सुलिनसुद्धा हेच एन्झाइम चालू करतं. म्हणजे जेवल्यावर रक्तातली साखर पेशीत घ्यायचा निरोप आणि कॅन्सरच्या पेशीला मिळणारा 'वाढ' हा निरोप, दोन्ही एकाच वाटेने जातात! 2004 मध्ये या एन्झाइमच्या जीनमधले बिघाड कितीतरी कॅन्सरमध्ये सापडले, आणि 2013 मध्ये ब्रेकथ्रू प्राइझ हे विज्ञानातलं मोठं बक्षीस सुरू झालं, ते पहिल्याच वर्षी कँटलींना मिळालं.

साहजिकच कंपन्या हे एन्झाइम बंद करणाऱ्या औषधांच्या मागे लागल्या, पण औषध पोटात गेलं की लिव्हर आणि स्नायूंपर्यंतही इन्सुलिनचा निरोप पोचत नाही, शुगर चढते, मग स्वादुपिंड अजून इन्सुलिन ओततं आणि ते इन्सुलिन ट्यूमरमधलं तेच एन्झाइम पुन्हा जागं करतं, म्हणजे औषधाचं काम शरीरच हाणून पाडतं. 2018 मध्ये कँटलींच्या टीमने उंदरांवर दाखवलं की औषधासोबत कीटो आहार दिला, किंवा लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डायबेटिसची गोळी दिली, तर इन्सुलिन खाली राहतं आणि औषध जास्त लागू पडतं. तुमच्या लेखकाने इथवर बरोबर लिहिलंय. पण त्याच पेपरमध्ये ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, उंदरांना औषधाशिवाय नुसतं कीटो दिलं तेव्हा आजार उलट वेगाने वाढला, हे कुठे गेलं?

आमच्या एका काकूंची ब्रेस्ट कॅन्सरची केमो चालू आहे. त्यांनी असंच काहीतरी वाचून आधी चहातली साखर सोडली, ते ठीकच होतं, मग भात, मग पोळी, केळं आणि शेवटी वरणसुद्धा, कारण म्हणे डाळीतही कार्ब असतात. तोंड आलेलं, चव गेलेली, त्यात जे दोन घास पोटात जात होते तेही बंद, वजन इतकं उतरलं की डॉक्टरांनी पुढची केमो लांबवली. सुनेने विचारलं तर म्हणाल्या, अगं पेपरात आलंय.

साखर निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. 2019 मध्ये कँटली ज्यात होते अशा एका अभ्यासात आतड्याचे ट्यूमर होणाऱ्या उंदरांना रोज थोडं फ्रुक्टोजवालं गोड पाणी पाजलं तर ते लठ्ठ न होताही त्यांचे ट्यूमर मोठे झाले. त्यामुळे कोल्ड्रिंकच्या बाटल्या घरात आणू नका म्हणणाऱ्याच्या मी बाजूने आहे (लग्नसराईत कोण ऐकणार ते सोडा). पण ते उंदीर होते, आणि चालू केमोत जेवण तोडायला सांगणं ही वेगळीच गोष्ट आहे.

उलट जे छापायला हवं होतं ते लेखात नाहीच. अल्पेलिसिब ही या एन्झाइमवरची गोळी 2019 मध्ये अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरच्या ठराविक पेशंटसाठी मंजूर झाली, आणि तिच्या मोठ्या चाचणीत गोळी घेणाऱ्या निम्म्याहून जास्त जणींची शुगर वाढली होती. आपल्याकडे तर कॅन्सर आणि डायबेटिस एकाच माणसाला असणं अजिबात नवल नाही. असं औषध सुरू करण्याआधी फास्टिंग शुगर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) बघणं, नंतरही शुगर तपासत राहणं, आणि डायबेटिसचे नि कॅन्सरचे डॉक्टर एकमेकांशी बोलतायत ना ते बघणं, याला अख्ख्या पानात दोन ओळी मिळाल्या नाहीत.

तर विनंती अशी की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात, ल्युकेमियाच्या उंदरांचं छापा आणि केमो चालू असताना स्वतःच्या मनाने आहार बदलू नका हेही छापा. आतल्या पानावर खुलासा म्हणून बारीक अक्षरात नको, काकूंना ते दिसत नाही.

आपली,
एक वाचक, डोंबिवली