चवथीआधी सुट्टीच्या तारखा सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन चार दिवस बाहेर जायचे तर तयारी कधी करावी लागते, याचा हिशेब आपल्या गोव्यातल्या शाळांना कुणीतरी घालून द्यायला हवा. म्हणून हे पत्र.

रेल्वेचे आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी खुले होई. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आले. आता पंचांग उघडा. मध्ये अधिक मास आला नाही, तर चवथ (गणेशचतुर्थी) ते नरकचतुर्दशी हे अंतर चोपन्न-पंचावन्न दिवसांचे असते. म्हणजे दिवाळीच्या दिवसांतल्या गाड्यांचे बुकिंग दरवर्षी चवथीच्या तोंडावरच उघडणार. गेल्या वर्षी भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती. दुसऱ्या दिवशीच्या गाडीचे बुकिंग उघडले 25 ऑगस्टला आणि चवथ 27 ला. सकाळी आठ वाजता सासूबाई ओट्यावर माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, बांधायची कवंडाळ, आंबाडे, सुपारीचे घड निवडून ठेवत होत्या. माटोळीचे लाकूड अजून धुवायचे होते आणि मी मोबाईल हातात धरून कोपऱ्यात बसले होते. ‘बाजारात जाऊन येतेस की नाही?’ असे त्यांनी दोनदा विचारले. चार बर्थ मिळाले तेव्हा मी त्यांना पेढा भरवायचीच बाकी होते.

होस्पेटला जायचे होते, तिथून हंपी. वास्कोहून निघणारी ही गाडी रोज नसते, आठवड्यातले दिवस ठरलेले. मोठा सहावीत, धाकटा पहिलीत. धाकट्याला हंपीपेक्षा वाटेतल्या घाटाचे कौतुक अधिक. कुळे ते कॅसलरॉक 26 किलोमीटर, सदतीस फुटांना एक फूट असा चढ, म्हणून कुळ्याला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिने जोडतात. ही माहिती त्याला बाबांकडून मिळाली आणि ती इंजिने ‘किती आणि कोणत्या रंगाची’ हे महिनाभर मला ऐकावे लागले. हंपीचा दगडी रथ पन्नासच्या नव्या नोटेवर छापलेला आहे. तशी एक नोट त्याने कंपासपेटीत घालून ठेवली होती, खरा रथ तसाच आहे का ते ताडून बघायला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्याच्या वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला. पावसात बुडालेले तास भरून काढायचे म्हणून 24 आणि 25 ला जादा वर्ग, हजेरी सक्तीची. शाळेचे नाव घेत नाही, आमच्या ओळखीतल्या आणखी दोन-तीन शाळांचेही असेच आहे. तास भरून काढू नयेत असे माझे म्हणणे नाही. जुलैत पावसामुळे शाळा बंद राहते तेव्हा आम्हालाही हायसे वाटते. पण बुडालेले तास जुलैतच कळले होते ना? मग भरपाईचे दिवस ठरवायला ऑक्टोबर का उजाडावा लागतो?

तिकिटे रद्द केली. स्लीपरच्या कन्फर्म तिकिटामागे 120 रुपये कापले गेले. धाकट्याला स्वतंत्र बर्थ घेतला होता, म्हणजे त्याचेही पूर्ण भाडे आणि त्याचीही कपात. पैशांचे एकवेळ जाऊ दे. पुढच्या गाडीला वेटिंग इतके लांब होते की तो नाद सोडला आणि गाडी काढून आंबोलीमार्गे कोल्हापूरला निघालो. धाकट्याने सकाळी गुळाचे फोव (पोहे) आणि वर दोन करंज्या खाल्ल्या होत्या. दाणोली सोडली, चढ लागला आणि तिसऱ्या वळणावर सगळे बाहेर आले, माझ्या मांडीवर. लहान मुलाला घाटात न्यायचे तर निघताना हलके खायला द्यावे, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असून काय? त्याला कोल्हापूरची विचारणा केली की तो अजून रंकाळ्याऐवजी ते वळणच सांगतो.

घरात दोन मुले असली की अडचण दुप्पट होते. 2025 मध्ये सहावीपासून पुढच्या बहुतेक वर्गांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले, प्राथमिकचे जूनमध्येच राहिले. धाकटा एप्रिलमध्ये मोकळा, तेव्हा मोठा वर्गात. मे महिन्यात दोघे मोकळे, पण त्या उन्हात दगडी देवळे पाहायला कोण नेईल? नाताळात अख्खा देश आपल्याकडे येतो आणि रस्त्यावर गाडी काढणे नकोसे होते. चवथीची सुट्टी फिरायची नव्हेच. म्हणजे दोघांची सुट्टी जुळते, हवाही बरी असते असे दिवस दिवाळीतलेच. (हॉटेलात आणि टॅक्सी धंद्यात असलेल्या पालकांना तेही जमत नाही. त्यांचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. आमच्या शेजारच्या घरातली मुले दिवाळीत कुठे गेल्याचे मला आठवत नाही.)

काही पालक सरळ मुलांना शाळा बुडवायला लावतात आणि परत आल्यावर ताप आला होता असे लिहून देतात. मला ते पटत नाही. सहावीतल्या मुलाला आपणच खोटे बोलायला शिकवतो. पण त्यांना तिथवर ढकलते कोण, याचाही विचार शाळांनी करावा.

शिक्षण खात्याचे परिपत्रक असते, त्यात सुट्टी दिलेली असते, असे मुख्याध्यापक सांगतात. बरोबर आहे. पण आमची गाडी परिपत्रकावर अडत नाही. अडते ती शेवटचा पेपर कधी, तोंडी परीक्षा कधी आणि सुट्टीत मुलांना बोलावणार असाल तर कोणत्या दिवशी, यावर. हे शाळाच ठरवते. एवढे तीन दिवस डायरीत लिहून द्यायला जड का जावे? नंतर पावसाने काही बदल झालाच, तर जादा तास सुट्टीच्या शेवटच्या दिवसांत घ्या, सुरुवातीला नको. त्या वेळेपर्यंत बहुतेक घरे परत आलेली असतात.

सुट्टीच्या गृहपाठाचे मी काही म्हणत नाही. तो शेवटच्या रात्री होतो, आमच्याही वेळी तसाच व्हायचा.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे सगळे सण पुढे गेले आहेत. चवथ 14 सप्टेंबरला, नरकचतुर्दशी 8 नोव्हेंबरला, भाऊबीज 11 ला. 12 नोव्हेंबरच्या गाडीचे बुकिंग 13 सप्टेंबरला, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी आठला उघडेल. मी पुन्हा कोपऱ्यात बसणार आणि सासूबाई पुन्हा बाजाराचे विचारणार. त्याआधीच्या आठवड्यात शाळेकडून तारखांची एक ओळ आली, तर कोणता दिवस दाबायचा ते मला कळेल. पन्नासची नोट अजून कंपासपेटीतच आहे.

आपली,
एक पालक, फोंडा