अकरा महिन्यांचे वर्ष आणि चौदा खिळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत भाड्याच्या घरांवर आलेला लेख मी सोमवारी पुन्हा एकदा वाचला, कारण पहिल्या वाचनात समजण्यात माझीच काही चूक झाली असावी असे वाटले होते. तशी ती झालेली नव्हती. करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणीची गरज उरत नाही, आणि ‘नियमाप्रमाणे’ दर खेपेला दहा टक्के वाढ धरूनच घरखर्चाचा मेळ बसवावा, ही दोन्ही विधाने आपल्या दैनिकात सल्ला म्हणून छापून आली आहेत. लेखकमहाशयांनी आयुष्यात कधी भाड्याने घर घेतले आहे की नाही, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. परंतु ‘नियमाप्रमाणे’ हा शब्द वाचून माझा चहा गार झाला, एवढे नोंदवून ठेवतो.

दहा टक्के हा नियम कोणी केला? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये वार्षिक वाढीचा जो आकडा आहे तो चार टक्क्यांचा आहे, आणि तोही जुन्या अर्थाच्या भाडेकरूंसाठी. आपण सगळे हल्ली जो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार करतो, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी घेतो, त्यात दोघांनी मान्य करून जे लिहिले तेवढेच खरे. म्हणजे दहा टक्के ही निव्वळ वहिवाट आहे. घरमालक सांगतो, दलाल मान डोलावतो आणि भाडेकरू सही करतो. वहिवाटीला वर्तमानपत्राने नियम म्हटले की पुढच्या घरमालकाला कात्रण दाखवायची सोय होते, याचा विचार व्हायला हवा होता.

यातली अकरा महिन्यांची गंमत तर फारसे कोणी मोजतच नाही. वर्ष अकरा महिन्यांचे धरले की अकरा वर्षांत बारा वाढी बसतात. मी जून २०१७ मध्ये नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात ६,५०० रुपये भाड्याने दोन खोल्या घेतल्या, तेव्हा मीही ते मोजले नव्हते. तिसरी वाढ नेमकी मार्च २०२० मध्ये आली. त्या एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना केली होती; आमच्याकडे ती पोचली नसावी, कारण पाच तारखेला फोन मात्र न चुकता पोचत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये आठवी वाढ झाली असती तर हिशेबाने भाडे १३,९३३ झाले असते. मालक म्हणाले, “चिल्लर कशाला ठेवता काका, १४,००० करून टाकू.” सात वर्षे आणि चार महिन्यांत भाडे दुपटीच्या वर चालले होते. याच काळात माझी ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली पेन्शन एका रुपयानेही हललेली नाही, कारण त्या योजनेत महागाईभत्ता नावाची गोष्टच नाही. उरलेले भाडे मुलगा भरतो, आणि त्याचा पगार काही अकरा महिन्यांनी वाढत नाही.

आम्ही घर सोडायचे ठरवले आणि खरा प्रसंग तेव्हा घडला. अनामत रक्कम ४०,००० होती. किल्ली द्यायच्या दिवशी मालकांचे चिरंजीव मोबाइलचा टॉर्च लावून भिंती पाहत फिरले. प्रत्येक खिळ्याला, आणि खिळा काढलेला असेल तर भोकाला, बोट लावून त्यांनी मोठ्याने मोजले. एकूण चौदा भरले. दर खिळ्याला शंभर रुपये. माझ्या पत्नीने त्यांना शांतपणे सांगितले की त्यातले दोन खिळे आम्ही येण्याच्या आधीपासूनचे आहेत, एकावर तर तुमच्याच आजोबांची तसबीर होती आणि ती आम्ही पहिल्या आठवड्यात पुसून, कागदात गुंडाळून वर नेऊन दिली होती. त्यावर उत्तर आले, “फोटो आमचा होता काकू, पण भोक तुमच्या काळात मोठं झालं.” रंगाचे १२,०००, खिळ्यांचे १,४०० आणि एका फुटलेल्या स्विचबोर्डाचे १,५०० कापून हातावर २५,१०० टेकवण्यात आले. सव्वासात वर्षे राहिल्यावर घराला रंग लागतोच, आणि तो मी राहिलो नसतो तरीही लागला असता, हे सांगून पाहिले. “मग कोर्टात जा,” असे ऐकून घेतले.

माझे करार सगळे पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीकडे केलेले, नोंदणी न केलेले, म्हणजे तंतोतंत आपल्या लेखातल्या सल्ल्यासारखे. पुढे एका ओळखीच्या वकिलांनी समजावले तेव्हा कळले की याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि नोंदणीच नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरायचे असते. म्हणजे माझी बाजू त्या दिवशी लंगडी नव्हती. मलाच ते ठाऊक नव्हते. नोंदणीचा खर्च म्हणाल तर महापालिका हद्दीत १,००० रुपये फी आणि पाव टक्का मुद्रांक शुल्क, जे माझ्या भाड्यावर चारशेच्या आत बसले असते. दोन्ही मिळून चौदा खिळ्यांच्या किमतीएवढेच झाले असते. आपल्या सल्ल्याने हे पैसे वाचवणाऱ्या वाचकांना अनामत परत मागताना काय म्हणायचे, तेही छापावे.

लेखाच्या शेवटी “भाडे भरण्यापेक्षा हप्ता भरावा” असा सल्ला आहे. घर पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे त्यात बरोबर दिले आहे, त्याबद्दल आभार. मात्र नागपुरात त्याच शुल्कात एक टक्का मेट्रोचा अधिभारही धरलेला असतो, हे दिलेले नाही. पुरुषाच्या नावे चाळीस लाखांचा फ्लॅट घेतला तर शुल्क आणि नोंदणी मिळून ३,१०,००० रुपये होतात, आणि त्यातले ४०,००० मेट्रोचे. आम्ही आता हुडकेश्वरच्या पुढे राहतो, जिथे मेट्रो जवळपासही नाही. इथे घर घेणाराही महापालिका हद्दीत असल्याने तो एक टक्का भरतोच. त्याच पानावर, लेखाच्या बरोबर खाली, पाव पानाची एक जाहिरात होती आणि तीत याच बाजूची एक स्कीम ‘मेट्रोपासून दहा मिनिटांवर’ असल्याचे म्हटले होते. मी या रस्त्याने रोज जातो. दहा मिनिटांत इथून फार तर मानेवाडा चौकाच्या सिग्नलपर्यंत पोचता येते, तेही रविवारी सकाळी. जाहिरातीच्या मजकुराला आपण जबाबदार नसता हे बारीक अक्षरांत दिलेले मी वाचले आहे, पण लेखाला तरी असाल.

तेव्हा नोंदणीबाबतची दुरुस्ती त्याच पुरवणीत, लेखाएवढ्याच टाइपात छापावी, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. मागील वर्षी नळाच्या गढूळ पाण्यावर लिहिलेले माझे पत्र आपण चार ओळींचे करून टाकले होते आणि त्यातले गढूळ पाणीच गाळले होते. हे पत्रही कापायचे असेल तर खुशाल कापावे, फक्त खिळ्यांचा हिशेब तेवढा राहू द्यावा. ते चिरंजीव आपलाच पेपर घेतात.

आपला,
एक जुना वाचक,
हुडकेश्वर रोड, नागपूर